डोक्याला मार लागलेल्या रुग्णासाठी हळद नेण्यापूर्वी

वसमतच्या आमच्या पेढीत हळद, मिरी, ब्राह्मी आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात. अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांचे नातेवाईक मोबाईलवर काही वाचून या वस्तू मागण्यासाठी येतात, त्यांच्यासाठी हे पत्रक काढले आहे.

डोके आपटते त्या क्षणी होणारी इजा कोणत्याही औषधाने परत फिरवता येत नाही. मात्र त्यानंतर काही तास, कधी काही दिवस, मेंदूत दुसरी इजा चालू राहते. दुखावलेल्या पेशींतून ग्लुटामेट हे द्रव्य बेसुमार पाझरते, त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम शिरते, पेशींना ऊर्जा पुरवणारी यंत्रणा कोलमडते आणि सूज चढत जाते. हळदीतील कर्क्युमिन, द्राक्षाच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल, कांद्यातील क्वेर्सेटिन यांवरचे संशोधन ही दुसरी इजा रोखता येईल का, याच शोधात आहे.

हे संशोधन खरे आहे, पण ते बहुतांशी उंदरांवर झालेले आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील 2006 सालच्या प्रयोगात कर्क्युमिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली. मात्र त्या उंदरांना मार बसण्याच्या आधी चार आठवडे ते खाण्यातून दिले जात होते, आणि आमच्याकडे येणारा नातेवाईक मार बसल्यानंतर येतो. शिवाय उंदरांत गुण आलेले औषध माणसालाही लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (ते वनस्पतिद्रव्य नव्हे) प्राण्यांत फार आशादायक ठरले होते, परंतु 2014 साली जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत 882 आणि दुसरीत 1195 रुग्ण असताना, त्याचा उपयोग दिसला नाही.

हळकुंडात कर्क्युमिन साधारण तीन टक्केच असते आणि पोटातून ते रक्तात फारसे उतरत नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवले की, मिरीतील पायपरीन सोबत दिल्यास ते रक्तात सुमारे वीसपट उतरते. म्हणूनच बाजारातील बहुतेक कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो, आणि आमची खरी काळजी तिथेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक मावशी मुलासाठी अशी कॅप्सूल न्यायला आल्या होत्या. रात्री उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली होती. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला डिस्चार्जचा कागद काढला. त्यावर फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन लिहिलेले होते. पायपरीनमुळे फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. ते फार वाढले की तोल जातो, डोळे फिरतात, गुंगी येते, आणि घरच्यांना वाटते की मेंदूचा मारच बळावला. त्या दिवशी आम्ही कॅप्सूल दिली नाही. त्यांना कागद घेऊन डॉक्टरांकडे पाठवले.

अर्काच्या मोठ्या मात्रेने रक्त गोठण्याची क्रियाही मंदावू शकते, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. वरणातली चिमूटभर हळद ही वेगळी गोष्ट आहे, ती बंद करण्याचे कारण नाही. ब्राह्मीविषयी एवढेच की, या एका नावाने नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी अशा दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून कोणती नेत आहोत, हे विचारूनच न्यावे.

मार लागल्यावर पुन्हापुन्हा उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, माणूस जागा न राहणे, फिट येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा नाकाकानातून पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच 108 ला फोन करावा. वयस्कर माणसांत मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही आठवड्यांनीही प्रकट होतो, म्हणून घसरून पडलेल्या आजोबांवर महिनाभर लक्ष ठेवावे.

आमच्याकडे येताना डिस्चार्जचा कागद सोबत आणावा. त्यावर फिटचे किंवा रक्त पातळ करण्याचे औषध असेल, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय अर्काच्या कॅप्सूल दिल्या जाणार नाहीत, आणि आधी विकलेली न फोडलेली बाटली पूर्ण किमतीला परत घेतली जाईल.