उताऱ्याचं चहापाणी गेलं, नोंदीचं राहिलं

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याचा ज्वारीवाला असो की सांगोल्याचा डाळिंबवाला, पीककर्जाला जमिनीचा सातबारा उतारा लागतोच. पूर्वी त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का हवा असे. भाऊसाहेब (तलाठ्याला गावात असंच म्हणतात) आज या गावात, उद्या तहसीलला मीटिंगला. हेलपाटे वाचवायला लोक चिरीमिरी देत. कामाचे नव्हे, भेटीचेच पैसे ते.

जमिनीची दप्तरं संगणकावर आणणारा केंद्राचा कार्यक्रम 2008 चा. हस्तलिखित उतारे भरताना कुणाचं क्षेत्र घटलं, कुणाचं नावच गळालं. मग गावोगाव चावडीवाचन, म्हणजे गावकऱ्यांपुढे उताऱ्यांचं जाहीर वाचन, झालं, चुका महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होऊ लागल्या. म्हणजे हेलपाटे थांबवायला आणलेल्या यंत्रानेच आधी नवे हेलपाटे लावले! 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. नक्कल 15 रुपयांत, सही-शिक्क्याची गरज नाही. 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली आणि पेरा शेतकरी स्वतःच मोबाईलवरून नोंदवू लागला. उताऱ्यापुरती अडवणूक बरीच मोडली, हे मान्य करायलाच हवं.

पण उतारा ही नुसती नक्कल. खरी किंमत फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल दप्तरात नोंदवण्याची. पूर्वी खरेदीनंतर सातबाऱ्यावर पेन्सिलने कच्ची नोंद व्हायची आणि ती शाईची कधी होणार, हे वरच्या मर्जीवर असे. आता खरेदीखताची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून ऑनलाइन जाते, नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. शेवटची मंजुरी मात्र मंडल अधिकाऱ्याचीच, म्हणजे सर्कलची. वारसनोंदीत किंवा बोजा, म्हणजे उताऱ्यावरची कर्जाची नोंद, उतरवताना कागदात 'त्रुटी' काढायला जागा भरपूर. लाचेच्या सापळ्यांच्या बातम्यांत उताऱ्यापेक्षा नोंदीच जास्त दिसतात, ते उगाच नाही.

कायदे कमी नाहीत. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घातली. विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. पण अपील करणाऱ्याचं पुढचं कामही त्याच टेबलावर येणार असतं, म्हणून लोक गप्प बसतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर 7 दिवसांत कळवलं तरच तो सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064.