गोठवणं सोपं, वितळवणं अवघड

देवणी-उदगीर पट्ट्यात ज्यांच्या दावणीला गाय आहे, त्यांनी द्रव नायट्रोजनचा कॅन पाहिलेला असतो. जनावरांचे डॉक्टर झाकण काढतात, पांढरी वाफ जमिनीवर लोळते, चिमट्यानं वीर्याची कांडी बाहेर येते आणि तडक कोमट पाण्यात जाते. 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, की उणे 196 अंशांवर निजलेले शुक्रजंतू वळवळू लागतात.

कर्करोग झालेल्या मुलींच्या अंडाशयाचे तुकडेही याच द्रवात जपतात. सायक्लोफॉस्फामाइडसारखी केमोची औषधं कर्करोगाबरोबर अंडाशयातला बीजांचा साठाही संपवू शकतात. वयात आलेल्या बाईची बीजं काढून गोठवता येतात, आठ वर्षांच्या पोरीची नाही. तिच्या अंडाशयाची वरची साल, जिथं बीजपुटिका, म्हणजे कच्ची बीजं जपणाऱ्या इवल्या पिशव्या, दाटीनं असतात, तीच काढून ठेवावी लागते. वॉर्डाबाहेर बसलेली आई आधी विचारते, पोर वाचेल ना? "पुढं हिला लेकरं होतील का ओ डॉक्टर?" हे बहुतेकदा ओठांतच राहतं. मला वाटतं, केमोची पहिली सलाईन लागण्याआधी डॉक्टरांनीच तो विषय काढावा. बेल्जियममध्ये जाक डॉनेझ यांच्या पथकानं असा गोठवलेला तुकडा रुग्णाच्या शरीरात परत बसवला आणि 2004 मध्ये तिला मूल झालं. त्यानंतर जगभरात अशी दोनशेहून जास्त बाळं जन्मली आहेत.

खरी मेख वितळवण्यात आहे. कांडी बारीक, ऊब क्षणात आतपर्यंत पोचते. अंडाशयाचा तुकडा जाड; बाहेरून ऊब लागते तेव्हा आतला भाग अजून गारच असतो. तेवढ्या वेळात अर्धवट सुटे झालेले पाण्याचे रेणू बर्फाचे स्फटिक बांधतात आणि त्यांच्या कडा पेशींचं आवरण फाडतात. थंडगार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यावर पेला तडकतो, तशी उतीही तडकू शकते.

इथं नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, कामाला येतात. गोठवण्याच्या द्रावणात लोह ऑक्साइडचे कण मिसळायचे आणि बाहेरून दिशा पालटत राहणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. प्रत्येक कण इवलीशी शेगडी होतो, आणि सगळीकडं एकदम, सारखी ऊब मिळते. मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉन बिशॉफ आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये 100 दिवसांपर्यंत गोठवलेली उंदरांची मूत्रपिंडं अशी उबवून परत बसवली, आणि ती काम करू लागली! अख्खा अवयव तगला, म्हणून अंडाशयाच्या तुकड्याबद्दल आशा वाटते.

तुकडा परत बसवल्यावर दुसरं संकट येतं. आंब्याचं कलम बांधल्यावर सांधा जुळेपर्यंत फांदी जशी टांगणीला लागते, तसं. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंतचे पहिले काही दिवस प्राणवायू पुरत नाही, आणि निम्म्याहून जास्त बीजपुटिका त्यातच मरू शकतात. म्हणून रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन नॅनोकुप्यांत भरून तिथंच हळूहळू पाझरवण्याचे प्रयोग चालू आहेत, बरेचसे अजून प्राण्यांवरच.

रक्ताच्या कर्करोगात मात्र वेगळीच भीती असते. जपलेल्या तुकड्यातच रोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात आणि त्याच्याबरोबर परत शरीरात जाऊ शकतात. त्या मुलींसाठी बीजपुटिका तेवढ्या वेचून जेलच्या साच्यात रुजवायच्या, म्हणजे कृत्रिम अंडाशयच घडवायचं, असं काम काही प्रयोगशाळांत सुरू आहे.