विदेश संचार निगम लिमिटेड

भारताचा परदेशांशी होणारा तार, दूरध्वनी व इंटरनेट व्यवहार सांभाळणारी, मुख्यालय मुंबईत असलेली, २००२ पर्यंत सरकारी असलेली कंपनी. २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स. बोलण्यात ‘व्हीएसएनएल’ हेच नाव रुळले. तिची विदेश संचार भवन ही उंच इमारत फोर्ट भागात महात्मा गांधी मार्गावर, हुतात्मा चौकाजवळ आहे.

संस्थेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. काहीजण १८७० कडे बोट दाखवतात. त्या वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन सागरी तार टाकली आणि सुएझमार्गे लंडनशी संपर्क जुळला. परंतु ती तार ब्रिटिश खाजगी कंपनीची होती. तो सेवेचा आरंभ, संस्थेचा नव्हे. बिनतारी संदेशवहनाचा दुसरा प्रवाह १९२०च्या दशकातला. लंडनशी थेट बिनतारी सेवा १९२७ मध्ये सुरू झाली; तिचे प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीला, तर ग्रहणकेंद्र दौंडला होते. १९३२ मध्ये तार व बिनतारी हे दोन्ही व्यवसाय इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनीत एकत्र आले. सरकारने १ जानेवारी १९४७ रोजी ही कंपनी ताब्यात घेऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते स्थापले. निगमाची खरी पूर्वज संस्था हेच खाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १ एप्रिल १९८६ रोजी खात्याची कंपनी झाली.

उपग्रहयुगात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे विक्रम भूकेंद्र उभे राहिले (१९७१). परदेशी ट्रंककॉलसाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्या मुंबईकरांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल. पुढे प्रकाशतंतूंच्या सागरी केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

मालकीबदल : निर्गुंतवणुकीपूर्वी (सरकारी हिस्सा विकण्यापूर्वी) सरकारकडे ५२.९७ टक्के भाग (शेअर) होते. फेब्रुवारी २००२ मध्ये टाटा समूहाच्या पॅनाटोन फिनव्हेस्टने त्यांपैकी २५ टक्के भाग प्रत्येकी २०२ रुपयांना, सुमारे १,४३९ कोटी रुपयांत घेतले. १.८५ टक्के कर्मचाऱ्यांना देण्यात आले व सरकारकडे २६.१२ टक्के उरले. लगेचच एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनीतील निगमाची मक्तेदारी संपली. त्याच वर्षी निगमाचे १,२०० कोटी रुपये टाटा समूहाच्याच टाटा टेलिसर्व्हिसेस या दूरध्वनी कंपनीत गुंतवण्याच्या निर्णयाला तत्कालीन दूरसंचारमंत्री प्रमोद महाजन यांनी उघड हरकत घेतली.

जमिनीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला. प्रक्षेपण व ग्रहणासाठी शहरांबाहेर घेतलेली जागा शहरे वाढल्यावर अतिशय मौल्यवान झाली. ७७३.१३ एकर अतिरिक्त जमीन विक्रीतून वगळलेली होती. तिचा सर्वांत मोठा भाग पुण्यालगत दिघी येथे आहे. ती वेगळी काढण्यासाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज इंडिया ही कंपनी २००५ मध्ये स्थापन झाली, पण प्रत्यक्ष विलगीकरणाला आणखी सुमारे दीड दशक गेले. सार्वजनिक जमिनीचे मोल भागांच्या किमतीत विरघळू दिले नाही, ही या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची तरतूद होय.

दरम्यान टायको कंपनीचे जागतिक सागरी केबलजाळे (२००५) व कॅनडातील टेलीग्लोब ही दूरसंचार कंपनी (२००६) निगमाने विकत घेतली. उरलेले २६.१२ टक्के भाग सरकारने मार्च २०२१ मध्ये विकले : १६.१२ टक्के शेअर बाजारातून, १० टक्के पॅनाटोनला.