हरवलेल्या मुलाचे कथानक आणि अंधेरीतील १६६वी मुलगी

अनेक वर्षांपूर्वी हरवलेले मूल आणि त्याची नव्याने उघडलेली फाइल हा रहस्यकादंबरीचा जगभर रुळलेला साचा आहे. तो मराठीत आणू पाहणाऱ्या लेखकाला मात्र आधी एक रूक्ष प्रश्न सोडवावा लागतो: अशी फाइल पोलीस ठाण्यात मुळात होती का, आणि असलीच तर त्यात होते तरी काय?

मूल हरवल्याची खबर पूर्वी बहुतेक ठिकाणी ‘मिसिंग’ म्हणून नोंदवहीत लिहिली जाई. गुन्हा नोंदवलाच पाहिजे अशी सक्ती नसल्यामुळे पुढचा शोध बराचसा अधिकाऱ्याच्या तळमळीवर अवलंबून राही. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘आपण यांना पाहिलंत का?’ मधले ते धूसर चेहरे एका पिढीला अजून आठवत असतील. पडद्यावर क्षणभर दिसून गेलेल्या त्या चेहऱ्यांमागे अनेकदा नोंदवहीतल्या चार ओळींपलीकडे काही नसे. डिसेंबर २००६ मध्ये नोएडातील निठारी येथे मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा त्यांच्या पालकांच्या तक्रारींकडे आधीच दुर्लक्ष झाल्याचा आरोप झाला. ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी आदेश दिला, की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करी असल्याचे गृहीत धरावे. त्यामुळे कथानकातील मूल २०१३ च्या आधी हरवते की नंतर, यावर तपासाचा सारा सांगाडा बदलतो, ही साधी बाब अनेक लेखकांच्या नजरेतून सुटते.

या आदेशाच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, २२ जानेवारी २०१३ रोजी, अंधेरीतील सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींचा शोध होता. त्यांपैकी १६५ सापडल्या, ही एक राहिली. २०१५ मध्ये ते निवृत्त झाले, तरी तिचे छायाचित्र त्यांनी जवळ बाळगले आणि तिच्या घरी ये-जा चालूच ठेवली. कादंबरीत असा पोलीस आणला, तर भाबडेपणाचा आरोप ठरलेलाच.

उकल झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि तीही कोणाच्या तर्कबुद्धीने नव्हे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका निपुत्रिक दांपत्याने तिला पळवून नेले होते, काही काळ कर्नाटकातील वसतिगृहात ठेवले होते आणि पुढे स्वतःचे मूल झाल्यावर ते तिच्याकडून घरकाम करवून घेऊ लागले होते. ती मुले सांभाळायला जात असे त्या घरातील मोलकरणीला तिची हकीकत कळली. त्या बाईने तिचे नाव आणि २०१३ हे साल घालून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा जुने पोस्टर समोर आले. त्यावरचे बहुतेक फोन नंबर तोवर बंद पडले होते. लागला तो एका शेजाऱ्याचा. व्हिडिओ कॉलवर आईने लेकीला ओळखले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि आईच्या घरापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर राहत होती.