बार्शीचा ट्रक आणि पळणारी जमीन

भारतीय हवाई दलाच्या ‘नेत्र’सारखं टेहळणी विमान सोलापूर मागे टाकून ९ किलोमीटर उंचीवरून सरळ पश्चिमेला निघालंय, असं समजा. तिथून रडारचं क्षितिज, म्हणजे त्याच्या रेडिओ लहरी जिथवर पोहोचतात ती हद्द, सुमारे ३९० किलोमीटरवर, म्हणजे सह्याद्रीपल्याड अरबी समुद्रात पडतं. मधली ढेकळं, इमारती, लाटा, सगळ्यांवर आपटून लहरी परत येतात. हा नको असलेला परतावा, म्हणजे ‘क्लटर’, हव्या त्या वस्तूच्या लाखो पट जोरदार असू शकतो.

जमिनीवरच्या रडारचं काम त्या मानानं सोपं. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते (डॉप्लर परिणाम). जिची बदलत नाही ती वगळायची. विमानातून मात्र जमीनच पळताना दिसते, तीही दर दिशेला वेगळ्या वेगानं. विमानाचा वेग ताशी ५४० किलोमीटर असेल, तर मोहोळच्या जरा दक्षिणेला असताना समोरचं पंढरपूर जवळपास त्याच वेगानं अंगावर येतं, सोलापूर तसंच मागे जातं. काटकोनात असलेल्या बार्शी आणि विजापूरचा वेग जवळपास शून्य.

बार्शीहून मोहोळकडे ताशी ६० नं एक ट्रक निघालाय. झोत त्याच्यावर आहे, पण अँटेनातून थोडी ऊर्जा आजूबाजूलाही सांडतेच. आणि बार्शीच्या सहा-एक अंश पुढची जमीनही विमानाकडे ताशी ६० नंच येत असते! ट्रक तिच्यात बुडतो.

यावरचा उपाय १९७३ मध्ये ब्रेनन आणि रीड या संशोधकांनी गणितात मांडला. (क्यूआर कोड थोडा फाटला तरी वाचता येतो, त्यामागच्या गणितातले रीड हेच.) अँटेनाच्या अनेक भागांवर, अनेक स्पंदांत (एकामागून एक सोडलेल्या लहरींच्या झटक्यांत) आलेल्या नोंदींना असं वजन द्यायचं, की अमुक दिशेची अमुक वेगाची जमीन बेरजेत जवळजवळ शून्य व्हावी. दिशा आणि वेग एकत्र तपासल्यामुळे ट्रक सुटा होतो. संगणक तेवढे वेगवान व्हायला मात्र बरीच वर्षं गेली.

ही वजनं शेजारच्या जमिनीवरून शिकावी लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. उजनीचं शांत पाणी लहरी विमानाकडे न परतवता आरशासारख्या पुढेच ढकलतं, म्हणून रडारला काळं दिसतं. काठावरचा ऊस मात्र चमकतो. एकावरून शिकलेलं दुसऱ्याला लागू पडत नाही.

समुद्राचं वेगळंच. तो स्वतःही हलतो, आणि फुटणारी लाट क्षणभर होडीसारखी चमकते. फेस लवकर विरतो, होडी टिकते. म्हणून तीच जागा पुनःपुन्हा पाहतात. खवळलेल्या समुद्रात छोटी लाकडी होडी तरीही निसटू शकते.