एक्झॉस्ट बदलायचं खूळ आलं कुठून

गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं त्याच्या फोक्सवॅगन पोलो जीटीचा मागचा सायलेन्सर काढून त्या जागी स्टेनलेस स्टीलचा नवा बसवून आणला. रात्री दहाला गाडी इंदूरला आमच्या रामबागेत शिरली तेव्हा आमच्या आईला वाटलं कोणाची वरात आली. खाली जाऊन बघतो तर हा बोनेट उघडून उभा, म्हणे मामा आवाज ऐकला का, दहा-पंधरा बीएचपी तरी वाढले असतील. कोणी मोजले विचारलं तर म्हणे चालवताना कळतं ना.

मी म्हटलं पॉवर राहू दे, वजन तरी मोजू. दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर पोत्यात घालून लोहामंडीत एका ओळखीच्या भंगारवाल्याकडे नेला, नव्याचं वजन गॅरेजवाल्यानं बसवायच्या आधी केलेलंच होतं, ६ किलो १००. जुना भरला ९ किलो ४००. म्हणजे एवढे पैसे मोजून ३ किलो ३०० ग्रॅम वाचले, साधारण ११०० किलोच्या गाडीत. भंगारवाल्याला सगळी भानगड सांगितल्यावर तो भाच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, भिया आप भी चढ जाओ काँटे पे. चढला. ९४.

तर हसण्यावारी गेलं ते, पण तेव्हापासून डोक्यात होतं की हे खूळ आलं कुठून ते एकदा नीट लिहावं. कारण आपल्याकडे एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाईप आणि सायलेन्सर, बदलणं म्हणजे आवाज वाढवणं एवढंच पोचलंय, आणि मूळ उद्योग आवाजाचा नव्हताच, तो होता इंजिनाला मोकळा श्वास देण्याचा आणि लोखंड कमी करण्याचा. आवाज मागून फुकट आला.

बाहेर पडणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. महू-पाताळपाणीच्या घाटात मीटरगेजचं वाफेचं इंजिन छक-छक करत चढायचं, तो छक-छक आवाज म्हणजे सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ चिमणीतून वर फेकली जाण्याचा. ती वाफ जाताना भट्टीतला धूर सोबत ओढून नेते, त्यामुळे भट्टीत ताजी हवा खेचली जाते, आणि इंजिन जितकं जास्त राबेल तितकी आग आपोआप भडकते. स्टीफन्सनच्या १८२९च्या रॉकेट इंजिनात ही युक्ती होती.

मोटारी आल्या तेव्हा त्यांचा आवाज लोकांना सहनच होईना, घोडे बुजायचे. १८९७ साली अमेरिकेत मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ते. गंमत अशी की मफलर आल्याबरोबर त्याला चुकवायची सोय पण आली. त्या काळच्या कित्येक गाड्यांत पायाशी एक खटका असायचा, तो दाबला की धूर मफलरला वळसा घालून थेट बाहेर, चढावर थोडा जोर मिळायचा आणि गावात बोंब व्हायची. म्हणजे भाच्याचं खूळ शंभर वर्षं जुनं आहे, त्यात नवीन काही नाही.

आणि इंदूरचा यात मान मोठा आहे बरं. यशवंतराव होळकर दुसरे, माणिकबाग पॅलेसवाले, यांनी ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी घेतली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आणि ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ला बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या गाड्यांपैकी एक. एसजे म्हणजे ६.९ लिटरचं सरळ आठ सिलिंडरचं इंजिन, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवर. सुपरचार्जर बसवल्यावर बोनेटखाली जागा उरेना म्हणून एसजेला एक्झॉस्टचे जाड चमकते पाईप बोनेटच्या बाजूनं बाहेर काढायचे. ते इतके देखणे दिसायला लागले की साध्या, सुपरचार्जर नसलेल्या ड्यूसेनबर्गवाल्यांनी पण तसेच पाईप मागून घेतले, नुसते दिसायला. आज गाड्यांच्या सामानाच्या दुकानात बंपरखाली लावायच्या खोट्या टिप मिळतात ना, त्यांची आजी ही. वजन मात्र दोन टनांच्या वर, महाराजांना कोण म्हणणार गाडी हलकी करा.

हलकं करायचं वेड त्याच सुमारास जर्मनीत चालू होतं. मर्सिडीजनं १९३१ला एसएसकेएल बनवली, शेवटचा एल म्हणजे लाइश्ट, हलकी. केलं काय, तर चासीच्या लोखंडी पट्ट्यांना ओळीनं भोकं पाडली, चाळणीसारखी, आणि १२५ किलोच्या आसपास वजन काढलं. रुडॉल्फ काराचिओलानं ती गाडी घेऊन त्याच वर्षी मिले मिलिया ही इटलीतली शर्यत जिंकली. मग १९३४ला ग्रां प्रीचा नियम आला की गाडी ७५० किलोच्या वर नको, नियमाचा हेतू असा की वजन बांधलं की मोठी इंजिनं बसणार नाहीत आणि वेग आटोक्यात राहील, झालं उलटंच, हलक्या धातूंत एवढी डोकी घातली लोकांनी की इंजिनं वाढतच गेली. तेव्हाचा किस्सा सगळ्यांनी ऐकलाय, न्यूरबुर्गरिंगला मर्सिडीज ७५१ भरली म्हणून मॅनेजर नॉयबाउरनं रात्रीत पांढरा रंग खरवडायला लावला आणि खालचं चंदेरी अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं, म्हणून सिल्व्हर अ‍ॅरो. इतिहासवाले हे मानत नाहीत, त्या शर्यतीला तो वजनाचा नियम लागूच नव्हता म्हणतात. पण किस्सा टिकला, कारण एका किलोसाठी रंग खरवडणारा माणूस प्रत्येक गॅरेजात भेटतो.

एक्झॉस्टचा धंदा उभा केला तो कार्लो अबार्थनं. १९४९ला इटलीत बोलोन्याला कंपनी काढली, रेसिंगला पैसा लागतो म्हणून साध्या फियाटवाल्यांना स्पोर्टी सायलेन्सर विकायला घेतले, आणि त्या सायलेन्सरवर कंपनी चालली. लोकांनी बारक्या फियाटला अबार्थचा पाईप लावून स्वतःला रेसर समजायचं, हे तेव्हापासूनचं. पण मला या माणसाचं खरं कौतुक वेगळ्या गोष्टीचं आहे. १९६५ला मोंझाला विक्रम करायचा होता, विक्रमाच्या गाडीचं कॉकपिट इतकं अरुंद की हा आत मावेना, तर पठ्ठ्यानं सफरचंदं खाऊन ३० किलो वजन उतरवलं, आत बसला आणि विक्रम केला. वय तेव्हा ५६. भाच्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणे मामा तुम्ही पर्सनल होताय.

आता खरं शास्त्र. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धूर तर निघतोच, पण त्याच्या पुढे दाबाची एक लाट पाईपमधून धावते. पाईपचं तोंड मोकळं असलं की ती लाट उलटून परत येते आणि येताना ओढ बनून येते. ती ओढ बरोबर त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, जेव्हा धुराचा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि हवेचा उघडत असतो, तर उरलासुरला धूर खेचला जातो आणि ताजी हवा जास्त भरते. पाईप किती लांब, यावर ही वेळ ठरते. म्हणून रेसिंगच्या हेडरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जोडात, चारही नळ्या एका लांबीच्या करतात आणि मग त्या एकदम चाराच्या एक, किंवा आधी दोन-दोन जोडून नंतर एक अशा आणतात. चार-दोन-एकला मधल्या आरपीएमला बरं वाटतं, चार-एकला वरती. बघायला आतड्यांचा गुंता दिसतो पण एकेक इंच हिशोबानं असतो.

यातला सगळ्यात मोठा उस्ताद मोटारवाला नव्हताच, मोटरसायकलवाला होता, पूर्व जर्मनीतल्या एमझेडचा वॉल्टर काडेन. असल्या टू-स्ट्रोकला धुराचा व्हॉल्व्हच नसतो, ताजं मिश्रण सरळ धुराबरोबर बाहेर निसटतं. यानं पाईपच्या पोटाचा हिशोब बसवला, आधी रुंद होत जाणारा शंकू, तो ओढून घेतो, मग निमुळता होत जाणारा, तो निसटलेलं मिश्रण परत ढकलतो. १९६१पर्यंत १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरला २००, तेही सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी त्याचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळाला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला, आणि १९६२ला ५० सीसीचा पहिला जगज्जेता झाला. तिथून ही विद्या सगळ्या जपानी कंपन्यांत पसरली आणि १९८५ला यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल बनून आपल्या गल्लीत आली. ९८ सीसी, ११ बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. तिचा तो टणटणीत आवाज कोणी डिझाईन करायला बसलं नव्हतं, तो काडेनच्या शंकूतून आला. आणि आमच्या ओळखीच्या पोरांनी काय केलं, तर आतली जाळी काढून टाकली, आवाज दुप्पट, पिकअप जैसे थे, वर काहींचं मायलेज पण गेलं.

इथेच तो कायमचा वाद, बॅक प्रेशर, म्हणजे धुराला मागून थोडा अडसर, लागतं की नाही. भाचा म्हणतो थोडं लागतंच, गॅरेजवाल्यानं सांगितलंय. नाही लागत. धूर अडवून कुठल्याच इंजिनाचं भलं होत नाही. होतं असं की फार रुंद पाईप लावला की धुराचा वेग पडतो, ओढ कमी होते, खालच्या आरपीएमला गाडी मरगळते, आणि लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं. गेला तो वेग. आणि त्याच्या पोलोला तर टर्बो आहे, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, लाटांचा हिशोब बराचसा टर्बोच मोडून टाकतो, तिथे अडतं ते टर्बोच्या लगेच खालच्या पाईपमध्ये आणि कॅटमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, मागचा सायलेन्सर बदलून फरक पडतो तो कानाला.

कॅटचं पण सांगून टाकतो. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, आपल्याकडे एप्रिल १९९५ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना, सोबत बिनशिशाचं पेट्रोल, कारण शिसं आतल्या प्लॅटिनमवर थर धरून कॅट मारून टाकतं. देशभर बिनशिशाचं व्हायला २००० उजाडलं. २०२०च्या बीएस-६ या धुराच्या नियमांनंतर कॅट इंजिनाला इतका चिकटून असतो आणि पुढेमागे सेन्सर असतात की काढला तर चेक इंजिनचा दिवा लागून बसतो. तो काढू पण नये, घरात पोरंबाळं आहेत.

वजनाच्या बाबतीत माझं दैवत १९७३ची पोर्शे कॅरेरा आरएस २.७. इंजिन २१० हॉर्सपॉवर, हलक्या मॉडेलचं वजन हजार किलोच्या आत. पातळ पत्रा, पातळ काचा, मागची सीट नाही, घड्याळ नाही, दाराला आतून हँडलऐवजी पट्टा, पुढचा बिल्ला धातूचा नाही तर स्टिकर. त्यांच्याच ९१७ रेसिंग गाडीच्या गिअरची मूठ बाल्सा लाकडाची होती, ते खेळण्यातल्या विमानांचं लाकूड. मूठ किती ग्रॅमची असेल, पण प्रत्येक ठिकाणचे असे ग्रॅम जमवत गेले की किलो होतात. एक्झॉस्टमध्ये टायटॅनियम आलं ते याच हिशोबानं, घनता ४.५, स्टीलची ७.८, उष्णता सहन करतं, गंजत नाही, महाग मात्र भयंकर आणि वेल्डिंगला आतून-बाहेरून आर्गॉन पाहिजे. इगोर अक्रापोविच या स्लोव्हेनियातल्या माजी रेसरनं १९९१ला मोटरसायकलचे पाईप बनवायला घेतले, आज टायटॅनियमचं नाव काढलं की पोरं त्याचंच नाव घेतात. शोरूममधून निघणाऱ्या गाडीला टायटॅनियमचे मफलर दिले ते २००१च्या कॉर्व्हेट झेड०६नं.

आणि कायदा. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर बोट ठेवून सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ मापाबाहेरचा बदल चालणार नाही, आणि आवाज-धुराचं कलम १९०(२) आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिने, किंवा दोन्ही. आवाज मोजायची पद्धत बघायची तर लांब जायला नको, आपल्या पिथमपूरच्या नॅट्रॅक्सला, म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्रात, आवाजाचा वेगळा ट्रॅकच आहे. लोक बोलतात ते तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हायस्पीड ट्रॅकबद्दल, २०२१ला उघडला तो. पण मला ती आवाजाची पट्टी जास्त आवडते. गाडी साधारण ५० च्या वेगानं येते, ठरलेल्या रेषेवर ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो, आणि बाजूला साडेसात मीटरवर माईक असतो. कंपन्यांनी त्यातूनही वाट काढली, एक्झॉस्टमध्ये झडप, चाचणीच्या आरपीएमला बंद, वरती उघडी. पायाशी असलेला तोच जुना खटका, आता कॉम्प्युटर दाबतो.

भाच्याचं म्हणाल तर पलासियाच्या सिग्नलला एकदा थांबवलं त्याला, समज देऊन सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर पोत्यातून निघून परत गाडीखाली गेला. नवा माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराशेजारी. हल्ली सकाळी नेहरू स्टेडियमला पळायला जातो, पोह्यांवर शेव कमी घेतो असं त्याची आई म्हणते, मी काही बघितलं नाही. परवा लोहामंडीत काम होतं तर आपणहून त्याच काट्यावर चढला. ९१.