देवाच्या वेळेची वाट पाहणं

आपण मागितलेलं कधी द्यायचं, कसं द्यायचं हे देवावर सोडायचं आणि तोवर प्रार्थना, कामधंदा, माणसांशी नीट वागणं यातलं काही थांबवायचं नाही, ह्याला ख्रिस्ती जीवनात देवाच्या वेळेची वाट पाहणं म्हणतात. नोकरी, लग्न, मूलबाळ, आजारपण, काहीही अडलेलं असो, मराठी ख्रिस्ती घरात "प्रभूच्या वेळेत होईल" हे ऐकू येतंच. पण बऱ्याचदा ते नुसतं समजूत काढायला म्हटलं जातं, बायबलमधला धीर ह्यापेक्षा खूप कठीण आहे.

अब्राहाम ७५ वर्षांचा असताना देवाच्या शब्दावर घर सोडून निघाला आणि देवाने कबूल केलेला मुलगा इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा होता, म्हणजे मधे २५ वर्षं गेली आणि त्यात नवराबायकोचा धीर सुटलाच, त्याची बायको सारेने आपली दासी हागार त्याला दिली, इश्माएल झाला. त्या घाईची किंमत मोजली ती हागारने. पुढे तिला पोरासकट घराबाहेर काढलं, रानात पखालीतलं पाणी संपलं तेव्हा तिने पोराला झुडपाखाली ठेवलं आणि त्याचं मरण बघायला नको म्हणून लांब जाऊन रडत बसली. देवाने त्या पोराचा आवाज ऐकला, तिला विहीर दिसली, हे लोक सांगायचं विसरतात. योसेफचं उलट आहे, १७ व्या वर्षी घरात स्वप्नं सांगणारा हा मुलगा ३० व्या वर्षी मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला, मधे गुलामगिरी आणि तुरुंग, पण तुरुंगातही हातात आलेलं काम तो चोख करत राहिला.

वाट पाहणं म्हणजे तोंड बंद ठेवणं असं मात्र कुठेच नाहीये. बायबलमधल्या १३ व्या स्तोत्रात सुरुवातीच्या दोन वचनांतच "कुठवर" हा प्रश्न चार वेळा येतो. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला, पोहोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले, आणि मार्थाने त्याला सरळ सुनावलं की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिच्यावर चिडला नाही, कबरेकडे जाताना तो स्वतःच रडला. तक्रार करणारा माणूस अविश्वासू असतो हे कुठून आलं कोण जाणे.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर कवी ना. वा. टिळकांच्या घरचंच. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी तो संसार मोडल्यासारखाच होता, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, पुढे त्या त्यांच्याकडे परतल्या तरी धर्म बदलायचा निर्णय त्यांनी स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला घेतला, १९०० मध्ये. मला इथे दोघांचाही धीर दिसतो, आणि जास्त तिचा, कारण सगळं सोसून वर स्वतःचं मत बनवायचं होतं ते तिला.

ह्या शिकवणीचा गैरवापरही होतो आणि ते स्पष्ट लिहायलाच हवं. घरात मार खाणाऱ्या बाईला "धीर धर, प्रार्थना कर" सांगून परत पाठवणं ह्याला देवाची वेळ म्हणत नाहीत, तिला आधी सुरक्षित जागी न्यायचं असतं. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर स्वतः बॅप्टिस्ट पाळक होते, आणि १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं ते रस्त्यावरची आंदोलनं थांबवा म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर होतं. "थांबा" हा शब्द आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि त्याचा अर्थ जवळजवळ प्रत्येक वेळी "कधीच नाही" असाच निघालाय, असं त्यांनी त्यात लिहिलं.